चुकलेला ठोका

‘वय झाले’ हे दोन शब्द ज्याने प्रथम एकापुढे एक ठेवले, तो गृहस्थ फार हुशार असला पाहिजे. आणि हुशारीपेक्षाही अधिक आळशी. ह्या दोन शब्दांनी माणसाचे केवढे कष्ट वाचतात! छप्पर गळते, वय झाले. विहिरीचा रहाट करकरतो, वय झाले. आजोबा जेवत नाहीत, वय झाले. एकदा हे म्हटले, की पुढे पाहायला नको, विचारायला नको, आणि मुख्य म्हणजे काही करायला नको. रोगाचे निदान झाल्यासारखे वाटते आणि वैद्याला मात्र हात धुवायचेही श्रम पडत नाहीत.

ह्या शब्दांशी माझे वैर जडले ते एका मोटारीमुळे. आमच्याकडे १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही जात जन्मली. मूळची ती इटलीची फियाट. १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घरोघर ओळखीची झाली. ह्या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. आमची मात्र चौलच्या आमच्या वाडीत, सुपारीच्या सावलीत, अजून उभी होती. उभी होती हेच खरे. कारण चालताना तिची तक्रार सुरू झाली होती.

तक्रार दुहेरी होती. थांबलेल्या गाडीला पुढे न्यावे म्हणून पाय दाबला, की ती क्षणभर विचारात पडे. शाळेत नाव पुकारल्यावर मागल्या बाकावरचे पोर ‘हजर’ म्हणावे की न म्हणावे अशा संभ्रमात पडते, तशी. मग एकदम उसळी मारी. दुसरी तक्रार चढावरची. ओझे पडले की चार ठोक्यांतला एक गळे आणि गाडी लंगडत वर चढे. गॅरेजच्या भाषेत पहिलीला ‘पिकअप घेत नाही’ म्हणतात आणि दुसरीला ‘मिसिंग मारते’. माझ्या कादंबऱ्यांविषयी समीक्षकांनी ह्याहून फारसे निराळे लिहिलेले नाही, त्यामुळे मला भाषा लगेच समजली.

एका मोठ्या गावच्या चकचकीत गॅरेजात मी ती प्रथम नेली. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडले, आत संगणकाची तार लावायला जागा नाही असे पाहिले, आणि बंद केले. म्हणाला, “सर, वय झालं. भंगारात द्या, चार पैसे येतील.” त्याच्यावर मला राग आला नाही. ज्याला नाडी पाहायला शिकवलेच नाही, त्याने नाडी न पाहिल्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही.

मग मी रेवदंड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी मला स्टुलावर बसवले आणि प्रश्न विचारू लागले. कधीपासून? थंड असताना की तापल्यावर? सकाळी जास्त की दुपारी? पाऊस पडून गेल्यावर? सपाटीवर की चढावर? मी म्हटले, “मिस्त्री, ह्याने काय होणार?” ते म्हणाले, “मास्तर, गाडीचं वय सगळेच सांगतात. दुखतंय कुठं आणि केव्हा, ते सांगा.”

मी आठवून आठवून सांगितले: पहिला दोष नेहमीचा, दुसरा सकाळी, दमट हवेत आणि चढावर. मिस्त्री म्हणाले, “मग दोन आजार आहेत. एकाच गोळीनं दोन बरे करायला जाऊ नये.”

पुढचा तासभर मी जे पाहिले, ते मला एखाद्या चांगल्या रहस्यकथेहून सरस वाटले. गाडी चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर उपसली. पहिली उपसली, इंजिन दबले. दुसरी उपसली, दबले. चौथीलाही दबले. तिसरी उपसली, तर इंजिनाला पत्ताच नाही! जो काम करीत नव्हता, त्याच्या गैरहजेरीने कोणाचे काय अडणार? अपराधी घर सापडले. पण घर सापडले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. त्यांनी तिसरा प्लग काढून पहिल्याच्या जागी लावला, पहिला तिसऱ्याच्या. प्लग दोषी असता, तर आजार त्याच्याबरोबर घर बदलता. तो जागचा हलला नाही. मग वायरींची अदलाबदल. तरीही हलला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा ऐकायचे, एवढाच त्यांचा मंत्र. चारही प्लग, वायरी, कॉइल सगळे एकदम नवे घातले असते, तर गाडी बरी झालीही असती. पण का बरी झाली हे कोणालाच कळले नसते.

काढलेले प्लग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. मी चित्रकलेचा मास्तर. दहावीपुढे चित्रकलाच शिकलो आणि तीच शिकवतो. रंग वाचणे हा माझा धंदा. पण हे रंग मी कधी वाचले नव्हते. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते. ओले, तेलकट काळे असेल, तर तेल वर चढते. पांढुरके असेल, तर हवा जास्त आणि पेट्रोल थोडे. निरोगी प्लग भाजलेल्या काजूगराच्या रंगाचा. आमचे पांढुरके होते. “हा तुमचा पहिला आजार,” मिस्त्री म्हणाले. कोंबडीच्या पिसाने त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेला तेल लावले, आणि इंजिनाचा सूर तत्काळ बदलला. वाळलेल्या पॅकिंगमधून चोरून हवा आत जात होती. तेलाने क्षणभर तिची वाट अडवली. त्यात आजचे पेट्रोल. त्यात शेकडा वीस भाग इथेनॉल असते. इथेनॉल आपल्याबरोबर प्राणवायू घेऊन येते, म्हणून जुन्या मापाच्या कार्बोरेटरातले मिश्रण आणखीच विरळ होते. पॅकिंग बदलून त्यांनी मिश्रण जरा दाट केले आणि जुन्या रबरी नळ्याही काढल्या, कारण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पाय दाबताच विचारात पडायची गाडीची खोड त्या दिवशीच गेली.

दुसऱ्या आजारासाठी मात्र त्यांनी रात्री बोलावले. रात्रीच का, ते गेल्यावर कळले. दिवा मालवून, चालत्या इंजिनाचे बॉनेट उघडून आम्ही दोघे अंधारात उभे राहिलो. समुद्रावरून ओला वारा येत होता. आणि डेल्कोच्या टोपीवर, तिसऱ्या वायरीच्या मुळाशी, एक निळा धागा थरथरताना दिसला. क्षणात दिसे, क्षणात विझे. वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच पळून जात होती.

आपल्याकडे वीज वाटून देणाऱ्या ह्या यंत्राला सारे मिस्त्री डेल्को म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचे आहे. १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स ह्यांनी ती स्थापन केली, आणि पॉइंट, कॉइल व बॅटरी ह्यांची ही योजना केटरिंगने मोटारींना दिली. पॉइंट उघडले, की बॅटरीतल्या बारा व्होल्टांचे कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर अशा ठिणग्या सेकंदाला शंभर पडतात. शंभरांतल्या पंचवीस चुकल्या, की गाडी लंगडते. आणि चढावरच का? तर ओझ्याखाली सिलिंडरात दाब वाढतो, दाबात ठिणगीला उडी मारणे जड जाते, आणि तिला दुसरी सोपी वाट मिळाली, तर ती तीच धरते. माणसेही चढावर असेच करतात.

मिस्त्रींनी टोपी काढून दिव्याखाली धरली. आतून केसासारखी एक काळी रेघ गेली होती. कोणी टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी. पेन्सिलीतले शिसे हे खरे म्हणजे शिसे नव्हे, कार्बनच. आणि त्यातून वीज वाहते. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेने टोपीवर ओल बसवली, ठिणगी ओलीवरून घसरली, आणि जाता जाता आपल्या वाटेवर कार्बनची रेघ ओढून गेली. पुढच्या ठिणगीला मग रस्ता तयारच! नवी टोपी बसली आणि चार ठोके चार झाले.

एवढे झाल्यावर मिस्त्रींनी डेल्कोचा दांडा बोटांत धरून हलवला. तो किंचित डुगडुगत होता. “हे मात्र वय,” ते हसून म्हणाले, “बुश झिजलाय. ह्याला इलाज आहे, पण नवा जन्म नाही.” हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याचा उपयोग पुढे झाला.

मुरूडला माझी आत्या राहते. अप्पांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिच्या वाडीतली बहुतेक झाडे आडवी झाली, तरी ती घर सोडून हलली नाही. गेल्या वर्षापासून ती विसरू लागली. गॅसवर दूध ठेवून विहिरीवर जाई. मला अप्पांच्या नावाने हाक मारी. चालताना भिंत धरी. पायांना मुंग्या येतात म्हणे. नातेवाईक जमले. निदान एका वाक्यात झाले. ते कोणते, हे सांगायला नकोच. पुण्याच्या एका वृद्धाश्रमाची चौकशीही झाली आणि घराला गिऱ्हाईक कोण, ह्याची कुजबुज ओसरीवर ऐकू येऊ लागली. आत्या आतल्या खोलीत सुपारी कातरीत बसली होती. ती मला हळूच म्हणाली, “अरे, मी काही वेडी नाही रे झाले. आठवायला जाते आणि वाटेतच कुठंतरी जातं.”

वाटेतच कुठेतरी जाते! मला निळा धागा आठवला. मी तिला गाडीत घातले आणि अलिबागला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या बाईंनीही आधी बॉनेट उघडले नाही. कधीपासून, केव्हा जास्त, खाणे काय, गोळ्या कोणत्या आणि किती वर्षे, असे विचारीत राहिल्या. आत्या शाकाहारी, आणि मधुमेहाची एक नेहमीची गोळी कित्येक वर्षे घेणारी. ह्या गोळीने काही जणांच्या शरीरातले बी-बारा जीवनसत्त्व हळूहळू कमी होते आणि ते फार कमी झाले, तर मज्जातंतू व स्मरण दोन्ही लंगडतात. रक्त तपासले, बी-बारा तळाला गेले होते. इंजेक्शने सुरू झाली.

तीन महिन्यांनी तिला पुन्हा दाखवायला नेत होतो. काशिदजवळच्या चढावर गाडी जरा जड झाली. मागून आवाज आला, “दुसरा टाक रे. अप्पा इथं नेहमी दुसरा टाकायचा.” मी दुसरा गिअर टाकला. चारही ठोके स्वच्छ वाजत होते. त्या दिवशी तिने मला माझ्याच नावाने हाक मारली होती.

ती आज मुरूडच्या घरीच आहे. पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. शेजारणींची नावे अजून गोंधळतात आणि जिना उतरताना कठडा लागतोच. तेवढा बुश झिजलेला आहे. वय हे खोटे नाही. पण सगळी दुसरी कारणे एकेक करून बाजूला सारल्यावर जे उरते, तेवढेच त्याचे. ते फार थोडे निघते, असा माझा दोन प्रकरणांतला अनुभव आहे.

खासगी गाडीची पंधरा वर्षे भरली, की दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नवी करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची तपासणी पुन्हा येईल, तेव्हा तपासणारे साहेब प्रथम कागदावरचे १९९१ हे साल पाहतील. त्यांनी ते जरूर पाहावे. ते त्यांचे कामच आहे. मग मात्र त्यांनी गाडी चालू करायला सांगावी आणि दोन मिनिटे गप्प उभे राहून ऐकावे, एवढी एकच विनंती मी त्यांना करणार आहे.