अवघड जागी

४ नोव्हेंबर
वेचणी जोरात. सकाळी ओपीडी ओस, चारनंतर झुंबड. बायांच्या हाताला बोंडांचे ओरखडे.
शेवटची आली ती बसलीच नाही. भिंतीला टेकून उभी. केसपेपरवर 'अंगदुखी'. सासू बाहेर गेली तेव्हा बोलली, "बसता येईना मॅडम. चार दिस झाले."
डावीकडे लिंबाएवढी सूज. लाल, गरम, बोटाखाली पू हलतो. बार्थोलिन ग्रंथीचं गळू. वरून कुणीतरी बिब्बा लावलेला. त्याने भाजलेलं वेगळंच.
लिग्नोकेन दिलं. सुजेत नीट चढत नाही, हे सांगूनच टोचलं. चीर आतून, मऊ अस्तरावर. पू वाहिला तशी तिने ओठ सोडला. दहा मिनिटांनी खाटेवर बसली आणि चहा मागितला.

६ नोव्हेंबर
केसपेपर चाळले. अंगदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा. केसपेपरच्या खिडकीत बसणारा गावातलाच, कुणाचा तरी चुलत दीर. अवघड जागी दुखणं नि जावई वैद्य, तशातली गत.
सिस्टरला म्हटलं, बायकांची नोंद तुम्ही आत घ्या. "माझं काम कोण करणार?" बरोबर आहे तिचं.

११ नोव्हेंबर
आज आलेलीचं तिसऱ्यांदा. जागा तीच. आधी दुसरीकडे दोनदा कापून घेतलं. व्रण बाहेरच्या कातडीवर. पू काढला, गोळ्या दिल्या, घरी धाडलं. चीर चार दिवसांत मिटते. ग्रंथी मात्र आत चिकट पाणी बनवतच राहते. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तोंड बंद, मग पुन्हा गळू.
इथे फुगा लावायला हवा. वर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात त्यासाठी छोटी नळी काढली. टोकाला फुगा, चार ते सहा आठवडे आत ठेवायचा, तेवढ्यात नवी वाट तयार होते. आमच्या स्टोअरला ती नाही. लहान मुलांची लघवीची नळी, फोली, घेतली, फुग्यात दोन मिलि पाणी, उरलेली नळी गुंडाळून मांडीला चिकटवली.
"हे घेऊन कापूस वेचता येईल का?"
येईल म्हटलं. जड ओझं नको. नवऱ्यालाही महिनाभर लांब ठेव. यावर हसली. "ते तुम्हीच सांगा त्याला."
सांगितलं. तो बाहेर मोटारसायकलवर बसून होता. मान खाली घालून ऐकलं.

१५ नोव्हेंबर
पहिलीचा पुवाचा रिपोर्ट. ई. कोलाय. आतड्यातला जंतू.
सासू रोज विचारत होती, "कुठून आणलं हे हिनं?" परम्याचे जंतूही कधीकधी सापडतात, म्हणून ती तपासणी केली होती. एचआयव्ही, व्हीडीआरएलसुद्धा, तिला विचारून. काही नाही. तिची हरकत नव्हती, म्हणून कागद सासूच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तरी उलटसुलट करून पाहिला, घडी घालून कमरेला खोचला.

१६ नोव्हेंबर
गोळ्यांचं सगळेच विचारतात. पू साठला की चिरल्याशिवाय गत नाही. ताप, पसरलेली लाली, साखर, गरोदरपण असेल तर अँटिबायोटिक हवंच. बाकीच्यांना कोमट पाण्यात बसणं, दिवसातून दोन-तीनदा. टब नाही म्हणतात. घरातली परात चालते.

२२ नोव्हेंबर
फुग्याची नळी पडली. शेतात. पदरात बांधून घेऊन आली, धुऊन.
सूज नाही अजून. पण भरवसा नाही. भूल देणारे डॉक्टर येतील त्या दिवशी मार्सुपियलायझेशन. पिशवी उघडायची, कडा बाहेर उलटवून शिवायच्या, तोंड उघडंच राहतं. घरी जाऊन विचारते म्हणाली.

२४ नोव्हेंबर
मावशी, वय ५६. गाठ सहा महिने. टणक. दुखत नाही.
मला दुखणारी परवडते. या वयात ग्रंथी सुकत आलेली असते. चाळिशीनंतर नवी गाठ आली की तुकडा तपासल्याशिवाय साधी म्हणायची नाही. कॅन्सर क्वचितच, पण म्हणून सोडायचं का? नांदेडला, विष्णुपुरीला जा म्हटलं.
"दुखायलं नाही त्याला नांदेडला कशाला?"
मुलगा पुण्यात. फोन लावून दिला.

१ डिसेंबर
रात्री अकरा. नवीच बाई. साखर ३४०. सूज मांडीकडे चाललेली, कातडी निळसर, वेदना मात्र सुजेच्या मानाने फार. इथे चाकू लावायचा नाही. शिरेतून अँटिबायोटिक, सलाइन, १०८. भोकरच्या पुढे गाडी पोचली असेल का, पाहत बसले. झोप नाही.

२ डिसेंबर
नांदेडला पहाटेच ऑपरेशन. सडलेला भाग मांडीपर्यंत काढला. आयसीयूत.

५ डिसेंबर
फोलीवाली आली. घरून होकार. कमरेत भूल, व्हिक्रिलचे टाके. काम वीस मिनिटांचं, आत नेऊन बाहेर आणायला दोन तास. टाके विरघळतील, काढायला यायचं नाही, हे सांगितल्यावर खरा आनंद.
आयसीयूवाली शुद्धीवर. पाणी मागितलं.

९ डिसेंबर
खिडकीशेजारी नोंदीला आशाताई बसायला लागल्या. आज चार केसपेपरवर स्वच्छ अक्षरात 'जागेवर गाठ'. दोन नुसती केसतोडं निघाली. निघू देत.

१८ डिसेंबर
मावशींचा रिपोर्ट. विष्णुपुरीला गाठ काढूनच तपासली. साधी. पेशी बिघडलेल्या नाहीत.
सांगितलं तर म्हणाल्या, मुलगा उगाच घाबरला होता. मग एसटीचा हिशेब. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वस्तात पडलं. सोबत आलेल्या जावेचंही अर्धंच. जाऊबाई तेवढ्यात पुढे सरकल्या. त्यांनाही काही दाखवायचं होतं.