दोन मिलिमीटर

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, हे मला ती दुखावल्यानंतर कळलं. कानाच्या पुढे, जबड्याच्या उभ्या भागात ती हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून एका बारीक नळीतून पुढे येते आणि उपदाढांच्या आसपास एका छिद्रातून बाहेर पडते. खालचा ओठ आणि हनुवटी यांना जी काही जाणीव असते, ती या नसेमुळे. ओठ हलवण्याचं काम दुसऱ्या नसेकडे असतं. त्यामुळे ही नस दुखावली तरी चेहरा वाकडा होत नाही, हसू तसंच राहतं. समोरच्या माणसाला काहीही दिसत नाही. आपल्याला मात्र आपला ओठ सापडत नाही.

माझी खालची उजवी पहिली दाढ फार वर्षांपूर्वी काढलेली होती. त्या बाजूने चावणं मी जवळजवळ सोडून दिलं होतं आणि वरची दाढ रिकाम्या जागेत हळूहळू खाली उतरत होती. साताऱ्याच्या हायस्कूलमधून निवृत्त व्हायला थोडा अवधी होता, हाताशी चार पैसे होते, म्हणून इम्प्लांट करून घ्यायचं ठरलं. दवाखान्यात ओपीजी काढला. दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा हा लांबट एक्स-रे बहुतेकांनी पाहिलेला असतो. डॉक्टरांनी त्यावर माप घेतलं आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे मॅडम. हे आता अगदी नेहमीचं काम झालंय." ठरलेल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर एक छापील इंग्रजी फॉर्म पुढे आला. धोक्यांच्या लांबलचक ओळीत 'नर्व्ह' हा शब्दही कुठेतरी होता. तो कुणी वाचून दाखवला नाही, त्याचा अर्थ माझ्या ओठापर्यंत पोचतो हेही कुणी सांगितलं नाही.

ड्रिल चालू असताना एकदा खोलवरून विजेसारखी कळ थेट हनुवटीत गेली. मी हात वर केला. डॉक्टरांनी भूल वाढवली आणि काम पुढे चालू ठेवलं. पुढे पुण्याच्या सर्जननी मला पहिला प्रश्न विचारला तो या कळेबद्दलच.

खालच्या जबड्याला दिलेली भूल साधारण तीन ते पाच तासांत उतरते. दुपारी घरी आले, संध्याकाळ झाली, टाके ठणकायला लागले, जिभेला चव कळायला लागली, पण उजवा अर्धा ओठ आणि त्याखालची हनुवटी जागी होईना. रात्री नऊच्या सुमारास फोन केला. "सूज आहे, चार-आठ दिवसांत मोकळं होईल," असं उत्तर मिळालं. सकाळी चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गाऊनवर ओघळलं आणि ते मला छाती ओली झाल्यावर समजलं.

माझी भाची तेव्हा दंतवैद्यकाची इंटर्नशिप करत होती. सहज चौकशीसाठी तिचा फोन आला. मी सांगितलं तशी तिची बोलण्याची तऱ्हाच बदलली. "मावशी, इंजेक्शन किती वाजता दिलं होतं? आता ओठावर बोट फिरव. काहीच कळत नाही? मग आठ दिवस थांबायचं नाही. आजच सीबीसीटी काढ." सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. दोन-तीन हजारांत होतो आणि आता जिल्ह्याच्या गावीही मिळतो. तासाभरात चित्र हातात आलं. ते वाचायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. टायटॅनियमचा पांढराशुभ्र स्क्रू आणि त्याचं खालचं टोक थेट नसेच्या नळीत.

त्याच दुपारी आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या सर्जननी जे सांगितलं ते मी आजही शब्दशः सांगू शकते, कारण हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला ते ऐकताना सारखं वाटत होतं. स्क्रूचा दाब नसेवर असेल, तर तो पहिल्या चोवीस ते छत्तीस तासांत काढला तर नस सावरायची शक्यता बरीच असते. त्यानंतर काढूनही फारसा उपयोग होत नाही, कारण नसेला झालेली इजा तोवर पक्की होत जाते. इम्प्लांट बसवताना त्याचं टोक आणि नसेची नळी यांच्यात निदान दोन मिलिमीटर हाड मोकळं सोडायचं, असा नियम आहे. ओपीजीतलं चित्र प्रत्यक्षापेक्षा साधारण पाव पटीने मोठं उमटतं. हे लक्षात घेतलं नाही, तर बारा मिलिमीटर दिसणारं हाड खरं साडेनऊच्या आसपास असतं. शिवाय दाढ काढून वर्षं लोटली की तिथलं हाड वरून झिजत जातं. माझ्या बाबतीत ही सगळी बेरीज एकत्र आली होती.

त्यांनी स्क्रू काढला. तो निघायला काही मिनिटं लागली. हाडाशी त्याची सांधेजोड व्हायला दोन-तीन महिने तरी जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो उलटा फिरवला की बाहेर येतो. मग त्यांनी कापसाचा धागा काढून माझ्या ओठावर फिरवला, नंतर टोकदार सळई टेकवली आणि जिथे जाणीव संपते तिथे पेनाने ठिपके काढत गेले. ठिपके जोडल्यावर ओठापासून हनुवटीच्या कडेपर्यंत एक नकाशा तयार झाला. त्याचा फोटो काढून ठेवला. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइडचा छोटा कोर्स आणि बी-बारा. दर भेटीत तोच नकाशा पुन्हा काढायचा, आणि तो लहान होतोय का ते पाहायचं.

पुढच्या महिन्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण डॉक्टरांच्या भाषेत याला 'बधिरता' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बधिरच आहे ना, म्हणजे दुखत तरी नाही. सुरुवातीला नव्हतंच दुखत. चहा ओठाला किती गरम लागतोय ते कळायचं नाही, म्हणून डाव्या बाजूने फुंकर घालत प्यायचे. पंगतीत आमटीचा ओघळ हनुवटीवर आला तर शेजारची बाई रुमाल पुढे करायची. जेवताना ओठ चावला जायचा आणि रक्ताची चव आल्यावर पत्ता लागायचा. वर्गात 'प' आणि 'ब' म्हणताना ओठ नीट मिटले की नाही याचा भरवसा वाटायचा नाही. मुलांना काहीच फरक जाणवत नव्हता, पण मी सगळा तास ऐकत असायचे ते स्वतःलाच.

मग दुसऱ्या महिन्यात नस जागी व्हायला लागली, आणि ते जागं होणं सुखाचं नव्हतं. आधी मुंग्या, मग जळजळ. थंडीत स्कूटरवरून शाळेत जाताना वाऱ्याची झुळूक ओठावर आली की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. पदराची कड लागली तरी दुखायचं. स्पर्श कमी आणि वेदना जास्त, असं दोन्ही एकाच जागी कसं असू शकतं, हे मला शेवटपर्यंत कुणाला नीट समजावता आलं नाही. प्रीगॅबालिनच्या गोळीने आग कमी झाली, पण तिसऱ्या तासालाच पेंग यायची. सर्जन म्हणायचे, मुंग्या येतायत म्हणजे नस धडपडतेय, आणि जे काही सुधारायचं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत दिसतं. माझा नकाशा खरंच आकसत गेला. आता ओठाच्या कडेला रुपयाएवढा भाग बोथट उरलाय. यापेक्षा वाईट झालेले रुग्ण त्यांच्या दवाखान्यात मी पाहिलेत. हा स्क्रू आठवड्याने काढला असता तर मीही त्यांच्यात असते.

मी इम्प्लांटच्या विरोधात नाही. उलट, याचा इतिहास वाचला तेव्हा मी भारावून गेले होते. स्वीडनचे पर-इंग्वार ब्रोनेमार्क 1952 मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले तर हाडाने ते असं धरून ठेवलं होतं की निघेना. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले तोवर ते स्क्रू काम करत होते. आजही दहा वर्षांनंतर शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण त्या सुरुवातीच्या पद्धतीत खालच्या जबड्यात स्क्रू बसवायचे ते हनुवटीच्या भागात, दोन्ही नसा बाहेर पडतात त्या छिद्रांच्या मधल्या जागेत. तिथे ही नळी नसतेच. मागे, दाढांच्या जागी, काम वेगळं आहे. यशाचे आकडे सांगताना हा फरक रुग्णाला कळला पाहिजे, कारण स्क्रू टिकला की आकडेवारीत ते यशच ठरतं, मग ओठ मेला तरी.

संमतीबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट निकाल दिलाय. उपचाराचं स्वरूप, त्याचा हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं डॉक्टरांनी सांगायलाच हवं. अगदी दुर्मीळ किंवा केवळ कल्पनेतले धोके सांगून रुग्णाला घाबरवायची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. ही दुसरी बाजू मला मान्य आहे. मात्र खालच्या दाढेच्या जागी हाडात भोक पाडताना त्याच हाडातल्या नसेचा धोका दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. दोन वाक्यांत सांगता येतं: इथे एक नस आहे, आणि रात्री ओठ जागा झाला नाही तर मला लगेच फोन करा. यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोलाचं.

माझ्यावर बेतल्यापासून ओळखीतले लोक विचारायला येतात, आणि ऐकता ऐकता कळलं की प्रत्येकाचा धोका वेगळा असतो. शाळेतल्या एका सहकाऱ्याचं इम्प्लांट सहा वर्षं छान चाललं, मग हिरडीतून रक्त यायला लागलं. दुखत नव्हतं म्हणून कुणी गंभीरपणे घेतलं नाही, आणि एक्स-रे काढला तेव्हा स्क्रूभोवतीचं निम्मं हाड गेलेलं. त्यांना मधुमेह होता, सिगारेट होती, आणि मूळचा दातही हिरडीच्या आजारानेच गेला होता. या तिन्ही गोष्टींनी इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका वाढतो. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो, तो दाब ओळखतो. इम्प्लांटला तो नसतो, म्हणून जास्त भार पडतोय हे त्यातून लवकर कळत नाही. वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर स्क्रू त्या पोकळीत जाऊ शकतो.

माझ्या वयाच्या बायकांना मात्र एक गोष्ट मी आवर्जून विचारते: हाडं ठिसूळ झाली म्हणून तुम्ही कसली गोळी किंवा इंजेक्शन घेता का? माझी ताई वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन घेते. दातांच्या डॉक्टरांपुढे औषधांची यादी ठेवताना ते तिच्या ध्यानातच आलं नसतं, कारण तिच्या मते ते औषध नव्हतं, वर्षाकाठचं सलाइन होतं. अशा औषधांनी जबड्याच्या हाडाची जखम भरून येण्याची ताकद कमी होते, आणि क्वचित हाड उघडं पडून मरायला लागतं. हाडांच्या डॉक्टरांशी बोलून तिने काढायची-घालायची कवळी पत्करली. ती त्यावर समाधानी आहे.

मी माझ्या जागी ब्रिज करून घेतला. शेजारचे दोन दात घासावे लागले, त्याचं वाईट वाटलं, पण त्या हाडात पुन्हा ड्रिल नको, एवढं मला पक्कं माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला तशाच जागी इम्प्लांट करायचं होतं. मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी काही बोलण्याआधी सीबीसीटी स्क्रीनवर लावला आणि नसेच्या नळीवर नारिंगी रेघ ओढून दाखवली. "दादा, ही तुमची नस. हाडाची उंची साडेअकरा आहे, मी आठचा स्क्रू घेणार आहे. खाली साडेतीन मिलिमीटर उरतात." भावाने विचारलं, लांब स्क्रू घेतला तर जास्त पक्का बसणार नाही का? त्या म्हणाल्या, इथे आठचा पुरतो, आणि त्यासाठी मी नसेच्या जवळ जाणार नाही. पूर्ण नस बधिर न करता फक्त त्या जागेपुरती भूल देणार, म्हणजे मधे हनुवटीत कळ गेली तर तुम्हाला कळेल, लगेच हात वर करा, मी थांबेन. मग त्यांनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं की संध्याकाळी सातला ओठावर बोट फिरवून बघायचं, आणि खाली स्वतःचा नंबर घातला.

सात वाजायच्या आधी त्यांचाच फोन आला. भाऊ कोल्हापुरी तोऱ्यात म्हणाला, "सगळं कळतंय डॉक्टर, टाकेपण कळायला लागलेत." त्यांनी तरी त्याला आरशासमोर उभं राहून दोन्ही बाजूंनी हात लावायला सांगितलं आणि डावीकडे-उजवीकडे सारखंच लागतंय हे त्याच्या तोंडून वदवून घेतल्यावरच फोन ठेवला.