तिजोरी कोणाची?

परवां रात्रीं जेवतांना आमच्या नगरच्या घरीं वाद पेटला. दादांची नात इंजिनियरिंगला आणि माझा नातू आय. टी. आय.मध्यें फिटरचें काम शिकावयास निघालेला. दादा म्हणाले, "ज्याचें शिक्षण, त्याचा खर्च! सरकारनें तिजोरी कां उघडावी?"

मी म्हटलें, "दादा, १९४७ सालीं डॉ. हिवाळ्यांनीं येथें कॉलेज काढलें, म्हणून आपला पुण्याचा खर्च वांचला. पण फी झेपली ती सरकारी अनुदानामुळें. १९८३ पासून राज्यांत विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजें निघालीं. जागा वाढल्या, भार मात्र पालकांवर आला. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असलेल्या घरांतील मुलींना अशा शिक्षणाची फी माफ झाली, म्हणून तर तुमच्या नातीचा मार्ग मोकळा झाला!"

दादा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "ती तिजोरी भरतो कोण? पाथर्डीचा ऊसतोड मजूरहि साबणाच्या वडीवर कर भरतो. त्याचें पोर फडावर, आमची नात कॉलेजांत!"

ह्याला मजपाशीं उत्तर नव्हतें. सरकारनें खर्च करावा, हें माझें मत कायम आहे. परंतु ज्याची शाळाच पुरी होत नाहीं, त्याला कॉलेजच्या फीमाफीचा काय उपयोग? म्हणून पैसा आधीं गरजूंच्या वसतिगृहांस व धंदेशिक्षणास लागावा, असें आतां वाटतें.

वहिनी ताक वाढतां वाढतां म्हणाल्या, "सवलत घ्या, पण ऋण समजून. दोघांच्या पेन्शनींतून एका मजुराच्या मुलाची खाणावळ चालवा."

ह्या महिन्यापासून तसें ठरलें आहे.