शेवटी येईल तो जिंकला

रविवार. वाळपईहून निघून केरीला आलो आणि चोर्ला घाट चढू लागलो. वळणावर बेळगावकडून येणारी बुलेट दिसली. चालवणाऱ्याने डावा हात उचलला, मीही उचलला. ओळख ना पाळख, तरी पुढची चार वळणं मन प्रसन्न होतं.

वागातोरला नोव्हेंबरात रॉयल एनफील्डवाल्यांचा मेळा भरतो. आधी तो रायडर मेनिया होता, २०२३ पासून मोटोव्हर्स. अशा मेळ्यांतला माझा लाडका खेळ म्हणजे स्लो रेस. पाय जमिनीला टेकला की बाद, आणि रेषा सर्वांत शेवटी ओलांडेल तो विजेता. क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलकेच धरलेला, हँडल थरथरतंय. आता बंद पडणार असं वाटतं तोच गाडी वीतभर सरकते. वेगापेक्षा हे कसब मोठं, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या बुलेटचा आणखी एक खेळ: नवख्याला किक मारायला द्यायची. आधी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढायचा, मग किक. तो घामाघूम झाला की जाणते पुढे होऊन काटा दाखवतात. तेवढ्यात दोस्ती जमते.

जावा-येझ्दीवाल्यांचा दिवस जुलैचा दुसरा रविवार. म्हैसूरला बनलेल्या त्या जुन्या गाड्यांत किकचाच दांडा गिअरचाही असतो. नवख्याला तो शोधायला लावण्यात त्यांनाही तीच मजा.

पाऊस सरला की वाळपईत स्लो रेस ठेवायचीच. जावावाल्यांनाही बोलावणार आहे.