अभ्रकाच्या तावदानाआड

कंदील घ्यायला निघालेला माणूस उजेडाबद्दल विचारतो. मी आधी वाऱ्याबद्दल विचारते. ज्योतीचं वाऱ्यावाचून चालत नाही आणि वारा तिला सोसतही नाही. खालून हवा आत यायला हवी, तापून वरून निघून जायला हवी, पण अंगावर येणारी झुळूक वातीला शिवता कामा नये. मुक्कामाच्या पिशवीत मावेल असा जुन्या घडणीचा, मेणबत्तीचा छोटा कंदील मला हवा आहे, आणि जुन्या कारागिरांनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यातच माझा जीव रमला आहे.

नवव्या शतकातला इंग्लंडचा राजा आल्फ्रेड मेणबत्त्यांवर वेळ मोजत असे. एक मेणबत्ती चार तास जळायची, सहा मेणबत्त्यांत दिवस-रात्र पुरी व्हायची. पण चर्चच्या फटींतून आणि तंबूच्या विरळ कापडातून शिरणारा वारा त्या भराभर जाळून टाकी आणि हिशेब चुकवी. त्याचा चरित्रकार असर सांगतो, की मग राजाने लाकूड आणि बैलाच्या शिंगाचे पातळ, आरपार उजेड जाणारे पत्रे वापरून कंदील करवून घेतला. तंबूतल्या वाऱ्यावरचा तोडगा इतका जुना आहे, हे वाचून मला फार आपलंसं वाटलं. शिंगातून येणारा पिवळसर उजेड सुंदर असतो. पण पावसाळ्याच्या तोंडावरच्या आपल्या दमट हवेत शिंग वाकेल ही धास्ती आहे, म्हणून तो मी मनाविरुद्ध बाजूला ठेवला.

भोकं पाडलेल्या पत्र्याचा गोल कंदील फोटोत सर्वांत देखणा दिसतो. अमेरिकेत तो तिथल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हीअरच्या नावाने विकला जातो, पण १७७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज निघाली त्या रात्री बॉस्टनच्या चर्चवरून नदीपलीकडे इशारा द्यायला असल्या जाळीतून झिरपणारा उजेड पुरलाच नसता. भिंतीवर नक्षी उमटवायला तो छान. डोंगरावर भिंतच नसते.

मन बसलं ते घडीच्या कंदिलावर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत पेटंट झालेला स्टोनब्रिज कंदील या जातीचा. बिजागऱ्यांवर उभा केला की चौकोनी घर, मिटला की दोन सदऱ्यांमध्ये सरकवता येईल इतका चपटा. काचेऐवजी त्याला अभ्रकाची तावदानं. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर ती तडकते, अभ्रक तडकत नाही. अभ्रकाच्या तुकड्याची कड नखाने उकलून पाहावी. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा एक थर अलगद सुटतो, आणि तो डोळ्यासमोर धरला तर पलीकडचं सगळं किंचित मधाळ दिसतं. हा कंदील निघाला त्या काळात जगाला अशा अभ्रकाचा मोठा पुरवठा आपल्या कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून होई. त्याच भागात अलीकडेही लहान मुलं टाकाऊ अभ्रक वेचताना आढळली आहेत. म्हणून नवा कंदील घेताना तावदानाचं अभ्रक कुठून आलं हे मी विचारणार, आणि उत्तर मिळालं नाही तर जुनाच शोधणार. जुन्या अभ्रकावरची काजळी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसली तर बरीचशी निघते.

मेणबत्ती मधमाश्यांच्या मेणाची. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, स्वस्त पॅराफिन त्याआधीच मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हा फरक लगेच कळतो. वात वेणीची हवी. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेसने ती आणली. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथल्या आचेत संपून जातं. त्याआधी वातीची काजळी पुन्हा पुन्हा झाडावी लागे. बंद कंदिलात ते कोण करणार?

उजेड किती? एका मेणबत्तीचा साधारण १२ ल्युमेन, तर डोक्याला बांधायच्या साध्या विजेरीचा शेकड्यांत. मला हे बारा पुरतात. ताटातली भाकरी दिसते, शेजारच्याचा चेहरा दिसतो. भंडारदऱ्याकडे पावसाआधी काजवे झाडांवर लखलखू लागतात, तेव्हा तर तेही नकोत. काजवे उजेडानेच जोडीदार हेरतात आणि आपल्या प्रखर झोतांनी त्यांचा संवाद तुटतो. तिथे जेवण उरकलं की कंदील मालवायचा. विजेऱ्या नाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तंबूत मात्र हा कंदील न्यायचा नाही. आजचं नायलॉन ज्योतीजवळ गेलं तर वितळतं, आणि बंद तंबूत जळती ज्योत हवा विषारी करू शकते. वनखात्याची मनाई असेल तिथे तो पेटवायचाच नाही. एरवी जागा उघड्या कातळाची, कडकडीत वाळलेल्या गवतापासून लांब, आणि झोपायच्या आधी ज्योत विझवून, मेण पुरतं घट्ट झाल्यावरच घडी घालायची.