तीन मिलिमीटर

पाऊस मोजण्याचे काम माझ्याकडे आले, ते केवळ मी शाळेजवळ राहत होतो म्हणून. गाव माण तालुक्यातले. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचे नरसाळे काढायचे, बाटलीतले पाणी मापाच्या काचेत ओतायचे आणि आकडा वहीत उतरवायचा. 2002 सालच्या जुलैत याहून सोपे काम नव्हते. बाटली कोरडी, वहीत शून्य! त्या मोसमात देशात सरासरीच्या 101 टक्के पाऊस पडेल असा अंदाज होता. पडला 81 टक्के. एकट्या जुलैत तर जवळजवळ निम्माच.

एका रात्री मात्र पत्रे वाजले. मी परगावी होतो. परतलो तो शेळीने नरसाळे पाडलेले, बाटली लवंडलेली. कुंपणाचे दार मीच उघडे टाकले होते. शेजारच्या म्हातारबांना विचारले, "किती पडला असेल हो?"

"ढेकूळ भिजलं न्हाई, मास्तर."

मी वहीत तीन मिलिमीटर लिहिले. तीनच का? वेधशाळेच्या हिशेबी अडीच मिलिमीटर झाले की तो पावसाचा दिवस धरतात. महिन्यात गावाच्या नावावर एक तरी पावसाचा दिवस असावा, असे मला वाटले.

पुढे गिल्बर्ट वॉकर यांच्याविषयी वाचले. केंब्रिजचा हा गणिती 1904 साली आपल्या हवामानखात्याचा प्रमुख झाला. त्याने जगभरच्या नोंदी जमवल्या आणि कारकुनांकडून हाताने सहसंबंध काढून घेतले. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, हे पारडे त्याला त्या आकड्यांच्या रानात सापडले. लोक त्याच्या बुद्धीचे कौतुक करतात, तेही योग्यच. मला आपले ते आकडे लिहिणारे आठवतात. त्यांच्यातही कोणाचे कुंपण उघडे राहिले असेल का?

जाणकार म्हणतील, अशा चुका सरासरीत बुडून जातात. खरे आहे. जून ते सप्टेंबर देशाची सरासरी सुमारे 87 सेंटिमीटर. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर धो धो कोसळते आणि माण ढगांकडे बघत बसते. त्यात माझे तीन मिलिमीटर कुठले दिसायला!

म्हातारबांना मात्र मी आकडा सांगून टाकला होता. बाजरीचे बी अजून त्यांच्या घरातच होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तीन? मग आमच्या रानात का न्हाई पडला?"

वही महिनाअखेर पुढे गेली. मी काही खोडले नाही.