माळावरची हाळी

मराठी भाषेने लांडग्याला कधी आपलेसे केले नाही. मेंढीचे कातडे पांघरणारा तोच; चौघांनी मिळून एखाद्याला लुबाडले की त्या प्रकाराला ‘लांडगेतोड’ म्हणतात, तेही त्याच्याच नावावरून. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत तर त्याच्या वाट्याला साधा आवाजही आलेला नाही. ओरडतो तो मेंढपाळाचा मुलगा. वास्तविक लांडगा हा मोठा बोलका प्राणी आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर किंवा पुणे जिल्ह्यात सासवडच्या परिसरात आजही लांडगे वावरतात. गवत उंच नसते, झाडे विरळ असतात आणि शिकारीसाठी पांगलेले सोबती दूरवर गेलेले असतात. अशा वेळी त्यांतला एखादा मान वर करून लांब हेल काढतो. ही हाळी जंगलात सुमारे १० किलोमीटरपर्यंत, तर उघड्या प्रदेशात त्याहूनही लांब पोहोचते. प्रत्येकाचा सूर वेगळा असल्याने हाक कोणाची, हे सोबत्यांना उमगते. सगळे मिळून ओरडू लागले, की एकाचा सूर चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो आणि चार-पाच गळ्यांतून वीस जणांचा भास होतो. शेजारच्या कळपाला एवढा इशारा पुरतो. तो अंतर राखून राहतो आणि दोन्हीकडचे रक्त वाचते. एकटा भटकणारा लांडगा मात्र परक्या हद्दीतून जाताना बहुधा गप्प असतो.

हाळी वाऱ्यावर विरते. वास मागे रेंगाळतो. म्हणून नर-मादीची जोडी पायवाटांवर, झुडपांवर मूत्राच्या खुणा करीत जाते. हद्दीजवळ या खुणा अधिक दाट होतात. कुंपणही नाही आणि पाटीही नाही, तरी येणाऱ्याला घरमालक कोण ते कळते.

जवळ आल्यावर शेपूट, कान आणि ओठ बोलू लागतात. ताठ उभा राहिलेला, शेपूट उंच धरलेला एक. अंग चोरून, कान मागे पाडून त्याचे तोंड चाटणारा दुसरा. या दृश्याचा अर्थ लावताना माणसाची मोठी चूक झाली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बंदिवासातील लांडगे पाहून १९४७ साली निबंध लिहिला. निरनिराळ्या ठिकाणांहून आणून एका आवारात कोंडलेले प्राणी वर्चस्वासाठी झगडत होते. तोच लांडग्यांचा स्वभाव ठरला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या गाजलेल्या ग्रंथाने ‘टोळीचा दांडगा म्होरक्या’ ही कल्पना जगभर पसरवली.

पुढे १९८६ पासून मेक यांनी कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे घालवले. तेथे त्यांना म्होरक्या दिसला नाही. दिसले ते आई, बाप आणि एक-दोन वर्षांची मुले. १९९९ मध्ये त्यांनी तसे लिहिले आणि आपल्याच जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून प्रकाशकाकडे अनेक वर्षे आग्रह धरला. स्वतःच्या कीर्तीचा आधार असा आपल्याच हाताने काढून घेणारे विद्वान थोडे.

मग त्या तोंड चाटण्याचाही उलगडा झाला. शिकारीहून परतलेल्या आईबापांचे ओठ पिल्ले चाटतात, तेव्हा ती पोटात आणलेले मांस ओकून त्यांच्यापुढे टाकतात. मोठे झाल्यावरही लांडगा हीच खूण जपतो. त्यात शरणागतीपेक्षा ‘मी तुमचाच’ ही ओळख अधिक असते.

आपल्या दख्खनच्या माळांवर पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. मेंढरे राखणाऱ्या धनगराला दुरून ऐकू येते ती हाळी. बिळाच्या तोंडाशी परतलेली आई मात्र इतके हळू कुंईकुंई करते, की तो आवाज आतल्या पिल्लांखेरीज कोणालाच ऐकू जात नाही. क्षणभराने धडपडत, एकमेकांना ढकलत ती बाहेर येतात.